धागा: बावीस श्रुतींची जुनी लायब्ररी नव्या लिलीपॉन्डवर चालेना, स्वरलिपीवाल्यांनी मदत करा

अतिकोमल_ग

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण थोडक्यात सांगितलं तर कोणालाच काही कळणार नाही.

आमच्या गुरुजींच्या बंदिशींच्या चार वह्या माझ्याकडे आहेत, एकूण १४० बंदिशी. सगळं भातखंडे पद्धतीत लिहिलंय, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. पण गुरुजींनी त्यात स्वतःची एक भर घातली होती, दरबारी आणि तोडीच्या बंदिशींत गंधाराखाली दोन रेघा काढायचे. विचारलं की म्हणायचे, एक रेघ म्हणजे पेटीचा ग, दोन म्हणजे गळ्यातला.

२०११ साली मी या सगळ्या लिलीपॉन्डमध्ये (मजकुरात लिहिलेल्या आज्ञांवरून स्वरलिपीची पानं छापणारं सॉफ्टवेअर) उतरवायला घेतल्या. गुरुजींची नात व्हायोलिन शिकते, तिच्यासाठी पाच रेघांवर आणि घरच्यांसाठी खाली सरगम, असं दोन्ही हवं होतं. तेव्हा एक छोटी लायब्ररी (सगळ्या बंदिशींना सामाईक अशी कोडची फाईल) लिहिली, त्यात स्वरांची नावं देवनागरीत ठेवली (सा, रे॒, रे, ग॒, दोन रेघांचा ग॒॒ वगैरे) आणि प्रत्येक नावाला श्रुतीप्रमाणे (सप्तकातले बावीस सूक्ष्म स्वर) उंची दिली. सगळं मस्त चालायचं. मग नोकरी, बदली, बारा-तेरा वर्षं ते फोल्डर उघडलंच नाही. आता लॅपटॉप नवा, त्यावर लिलीपॉन्ड २.२४, आणि एकही फाईल कंपाईल होत नाही. एररची रांगच लागते. वर आणखी म्हणजे बऱ्याच फाईलींत व्हर्जनची ओळच लिहिलेली नाही, त्यामुळे नेमकं कुठल्या आवृत्तीवर काय केलं होतं तेही आठवत नाहीये.

गुरुजी आता नाहीत. वह्यांचा कागद पिवळा पडून कडेने सुटायला लागलाय. हे काम मला यंदा पूर्ण करायचंय, कृपया सांगा सुरुवात कुठून करू.

पेटीकर

वाचतोय. धागा वाचनखुणेत टाकला. तांत्रिक बाजू मला येत नाही, पण एक सुचवतो, आधी वह्यांचे नीट फोटो काढून ठेवा, कंपाईल नंतर होईल.

टोरांटोकर

पेटीकरकाकांना +१, फोटो आधी.

आता आवृत्तीचं. दादा, तुमच्याकडे २०११ मधल्या तयार पीडीएफ आहेत का? असतील तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बघा. लिलीपॉन्ड स्वतःचं नाव आणि आवृत्तीचा आकडा तिथे आपोआप छापतं, मुद्दाम काढून टाकला नसेल तर असणारच. तो आकडा मिळाला की निम्मं काम झालं.

मग कन्व्हर्ट-एलवाय चालवायचं, ते लिलीपॉन्डबरोबरच येतं. ते फाईलमधली व्हर्जनची ओळ वाचतं आणि त्या आवृत्तीपासून आजपर्यंत लिहिण्याची पद्धत जिथे जिथे बदलली तिथे ओळी बदलत जातं. ओळच नसेल तर त्याला सुरुवात कळत नाही, म्हणून 'फ्रॉम' चा पर्याय देऊन आकडा हाताने सांगायचा. फ्रेस्कोबाल्डी (लिलीपॉन्डसाठीचा एडिटर) वापरत असाल तर तिथे मेनूतही ही सोय आहे. आणि हे नीट लक्षात ठेवा, ज्या फाईली तुम्ही इन्क्लूड केल्यात त्यांच्या मागे ते आपणहून जात नाही. लायब्ररीची फाईल वेगळी चालवावी लागते. लोक बंदिशीच्या फाईली बदलतात, लायब्ररी तशीच राहते, आणि मग म्हणतात की कन्व्हर्ट करूनही चालत नाही.

तुमच्या काळातल्या लायब्ररीत दोन गोष्टी हमखास अडणार. एक म्हणजे, स्वतःचं फंक्शन लिहिताना पहिले दोन शब्द 'पार्सर' आणि 'लोकेशन' असे द्यावे लागायचे. २.१९.२२ पासून ते काढून टाकले, म्हणजे स्थिर आवृत्तीत २.२० पासून (मार्च २०२०). स्वरांची नावं बसवण्याची जी आज्ञा आहे तिच्यातही पूर्वी पार्सर द्यायचा, आता नाही द्यायचा. दुसरं म्हणजे ओव्हरराईड, म्हणजे ठरलेली मांडणी बदलायची आज्ञा. आधी हॅश आणि अवतरणचिन्ह लावून लिहायचो, २.१८ पासून सरळ टिंब देऊन लिहितात. कन्व्हर्ट-एलवाय हे बरंचसं पकडतं, पण ते शेवटी मजकुरातले नमुने शोधून बदलतं, स्कीम भाषेतला कोड समजून घेत नाही. तुम्ही काही वेगळ्या ढंगाने लिहिलं असेल तर ते हाताने करावं लागेल. चालवायच्या आधी सगळं फोल्डर गिटमध्ये (फाईलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) टाका, काय बदललं ते ओळ न् ओळ दिसेल.

अतिकोमल_ग

टोरांटोकर, शतशः आभार! पीडीएफच्या तळाशी २.१४.२ मिळालं, मला हे सुचलंच नसतं. फोटो कालच काढून झाले, दोन ठिकाणी ठेवलेत.

कन्व्हर्ट केलं, लायब्ररी वेगळी केली, पार्सरचे दोन उल्लेख राहिले होते ते हाताने काढले. आता ज्या बंदिशींत कोमल स्वर नाहीत त्या चालतात. भूप, दुर्गा, हंसध्वनी सगळे छापून आले, डोळ्यांत पाणी आलं खरं सांगतो. पण ग॒ किंवा रे॒ आला की लगेच एरर, मर्यादेबाहेरचा आकडा असं काहीतरी म्हणतं. लायब्ररीत एक फंक्शन आहे, ते नावाच्या शेवटची रेघ कापून मूळ स्वर शोधतं, तिथेच अडतंय. त्या फंक्शनला कोणीच हात लावलेला नाही, कन्व्हर्टनेही नाही. मग ते का बिघडावं?

अक्षरजुळणी

मी टाईपसेटिंगवाला, संगीतातलं फार कळत नाही, पण हा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे.

तुम्ही रेघ कापण्यासाठी शेवटची तीन अक्षरं काढा असं लिहिलंय का? असेल तर कारण हेच. लिलीपॉन्डच्या आत गाईल नावाची स्कीम भाषा चालते. २.२२ पर्यंत गाईल १.८ होतं, २.२४ ला (डिसेंबर २०२२) ते गाईल २.२ वर गेले. जुन्या गाईलला युनिकोड कळत नव्हतं, ते फक्त बाइट मोजायचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, म्हणून 'शेवटची तीन काढा' म्हटलं की बरोब्बर ती खालची रेघ निघायची. नवं गाईल खरी चिन्हं मोजतं. त्याच्या लेखी ग॒ मध्ये दोनच चिन्हं आहेत, ग आणि रेघ. दोनातून तीन कशी काढणार, म्हणून एरर. रे॒ मध्ये र, मात्रा आणि रेघ अशी तीन चिन्हं, तिथे तर सगळं नावच निघून रिकामी जागा उरेल. तीनच्या जागी एक करा, दोन रेघांना दोन.

अजून एक. ही खालची रेघ म्हणजे युनिकोडमधलं वेदपाठाचं अनुदात्त चिन्ह, तीव्र म॑ वरची उभी रेघ हीसुद्धा तिथलीच. रे॒ टाईप करताना आधी मात्रा मग रेघ हा क्रम पाहिजे. कोणी आधी रेघ मग मात्रा दिली तर कॉम्प्युटरच्या लेखी तो वेगळाच शब्द होतो, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (चिन्हं एकसारखी करायची प्रक्रिया) चालवलं तरी हा क्रम सुधारत नाही. १४० फाईली आहेत, वेगवेगळ्या कीबोर्डवर टाईप केल्या असतील तर दोन्ही क्रम सापडतील. सगळ्या फाईलींत एकदा शोधून बदला.

अतिकोमल_ग

अगदी तीनच लिहिलं होतं! एक केलं आणि चाललं. आणि उलट्या क्रमाचे रे॒ सापडले, दुसऱ्या वहीत सगळीकडे तेच होते, ती वही मी ऑफिसच्या मशीनवर टाईप केली होती.

आता प्रश्न चिन्हांचा. तेव्हा मी सोपं म्हणून सगळ्या श्रुती पाव स्वराच्या पटीत बसवल्या होत्या, कारण लिलीपॉन्डमध्ये अर्धा फ्लॅट, दीड फ्लॅट तयार मिळतात. आता ऐकतोय तर ते फार ढोबळ वाटतंय. पाव स्वर म्हणजे ५० सेंट (पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). दरबारीचा ग एवढा खाली नसतो हो.

मिरजेची_तार

खूप चांगलं काम हातात घेतलंय, म्हणून मनापासून आणि थोडं स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

श्रुती कागदावर आकड्यांत पकडायची धडपड आपल्याच भागात शंभरावर वर्षांपूर्वी झालीये. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं त्यांच्या कानासमोर होतं. पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर मोठी चर्चा झाली. भातखंड्यांनी मात्र लिपी लिहिताना बारा स्वरांच्या पलीकडे चिन्हं वाढवली नाहीत, आणि मला वाटतं ते विचारपूर्वक होतं. नंतर १९६३ साली जयरझभॉय आणि स्टोन या संशोधकांनी वादनातले स्वर मोजले तेव्हा एकाच कलाकाराचा एकच स्वर एकाच रागात जागा बदलताना दिसला.

दरबारीचा गंधार हा ठिपका नाहीच. तो आंदोलन घेतो, मध्यमाकडून खाली झुलत येतो, रिषभाला टेकल्यासारखा होतो. त्याला २९४ सेंट म्हणा की २८० म्हणा, एका आकड्यावर थांबून वाजवला तर तो दरबारी राहणार नाही. गुरुजींनी दोन रेघा काढल्या त्या 'इथे गळा वापर' एवढं सांगायला. तुम्ही त्याचा आकडा केलात तर त्या मुलीला व्हायोलिनवर आकडा ऐकू येईल, गुरुजी नाही.

टोरांटोकर

ताई, तुमचं म्हणणं पटतं. तरी मला आकडा पूर्ण सोडावासा वाटत नाही, कारण सगळेच स्वर झुलत नाहीत. यमनचा ग तंबोऱ्याशी लागतो तेव्हा तो सा शी ५:४ या प्रमाणाच्या जवळ, म्हणजे ३८६ सेंटला लागतो, पेटीच्या ४०० ला नाही. हा १४ सेंटचा फरक व्हायोलिन शिकणाऱ्या मुलीला सांगायलाच हवा, कारण ती पियानोबरोबर सराव करत असेल तर कान ४०० ला बसतील. माझ्या मुलीचं तेच झालं होतं, सहा महिने गेले परत आणायला.

म्हणजे स्थिर स्वर आणि झुलता स्वर वेगळे धरू. स्थिराला आकडा, झुलत्याला आंदोलनाची लाटेसारखी रेघ आणि रागाच्या नावाची टीप.

दादा, आता यंत्राचं. लिलीपॉन्ड आतमध्ये स्वराचा चढ-उतार पूर्ण स्वराच्या अपूर्णांकात ठेवतं, शार्प म्हणजे अधिक १/२, पाव स्वर म्हणजे १/४. म्हणजे २०० सेंट बरोबर १. कुठलाही अपूर्णांक चालतो. लिलीपॉन्डबरोबर तुर्की मकामची (तिकडची रागांसारखी पद्धत) तयार फाईल येते, त्यात पूर्ण स्वराचे नऊ भाग करून एकेक कोमा १/९ धरलाय. मी आधी तीच वापरली. कोमल रिषभाला हिशेब सुंदर बसतो: आपले दोन कोमल रे ९० आणि ११२ सेंटचे, त्यात ८९ आणि १११ येतात. पण शुद्ध गंधार एक कोमा उतरवला की ३७८ येतो, हवा ३८६. आठ सेंट तंबोऱ्यावर ऐकू येतात. म्हणून मी शेवटी स्वतःचा तक्ता केला: प्रत्येक श्रुतीचे सेंट काढायचे, जवळच्या पियानोच्या स्वरातून फरक घ्यायचा, २०० ने भागायचं. ३८६ चा ग म्हणजे उणे १४ भागिले २००, तो उणे ७/१००. झालं.

मग चिन्हांचा तक्ता वेगळा. कुठल्या अपूर्णांकाला कुठलं चिन्ह, अशी यादी. आधी ही यादी अ‍ॅक्सिडेंटलला (नोटेआधीच्या चिन्हाला) वेगळी, की-सिग्नेचरला (ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हांना) वेगळी, अशी एकेका घटकाला लावावी लागायची आणि एखाद्याला विसरली की तिथेच चिन्ह चुकायचं. २.२४ मध्ये अल्टरेशन ग्लिफ्स नावाचा गुणधर्म आहे, तो एकदा लावला की सगळीकडे लागतो. बाण असलेले फ्लॅट, शार्प, नॅचरल त्याच्या फॉन्टमध्ये आहेतच. वेगळे पाच-सहा अपूर्णांक एकाच चिन्हाला लावले तरी चालतं, आणि ते लावाच. कानाला बावीस, डोळ्याला पाच-सहा.

मिरजेची_तार

हे मला मान्य आहे. स्थिर आणि झुलता वेगळा केलात तर माझी हरकत राहत नाही. लाटेची रेघ मध्यमापासून सुरू करा, गंधारावर नुसती ठेवू नका.

नवशिकी

मधेच विचारते, हे सगळं कोड लिहून करण्यापेक्षा म्यूजस्कोर किंवा डोरिको का नाही? मला माऊसने काम करायची सवय आहे.

टोरांटोकर

करता येतं की. डोरिकोत स्वतःची स्वरपद्धती बनवता येते, सप्तक किती भागांत वाटायचं ते ठरवता येतं, आणि म्यूजस्कोरमध्ये प्रत्येक नोटेला सेंट देता येतात. चिन्हांसाठी स्मुफल नावाची सामाईक व्यवस्था आहे, तिच्यात तुर्की, इराणी कितीतरी सूक्ष्मस्वरांची चिन्हं ठरलेल्या जागी आहेत. दहा-पंधरा बंदिशी असत्या तर मीही तेच सांगितलं असतं. पण १४० असतील आणि उद्या 'शुद्ध ध दोन सेंट वर हवा' असं वाटलं, तर तक्त्यात एक ओळ बदलून सगळ्या छापून निघतात, हे हाताने करायला नको वाटतं. शिवाय साधा मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो. फिनालेची विक्री आणि विकास ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं, तीसपेक्षा जास्त वर्षांचं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर होतं ते. तुम्ही काहीही वापरा, पण म्युझिकएक्सएमएलची (स्वरलेखनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरना वाचता येणारा फाईलप्रकार) एक प्रत बाजूला काढत जा, तिच्यात चढ-उतार दशांशातही लिहिता येतो.

पेटीकर

ऐकायला कसं येतं? मिडीमध्ये (कॉम्प्युटरवर वाजणाऱ्या फाईलीत) श्रुती वाजतात का?

टोरांटोकर

वाजतात काका. मिडीत पिच बेंड म्हणून असतं, लिलीपॉन्ड प्रत्येक सूक्ष्मस्वराला ते लावतं. सूक्ष्मता भरपूर, चार अर्धस्वरांच्या पट्ट्यात १६३८४ पायऱ्या, एक पायरी सेंटचा चाळिसावा हिस्साही नाही. फक्त पिच बेंड पूर्ण चॅनेलला लागतं, एका नोटेला नाही. त्यामुळे गाणं आणि खालचा षड्ज एकाच चॅनेलवर असतील तर गंधार उतरला की सा पण उतरतो. दोन वेगळे व्हॉइस करा आणि चॅनेल व्हॉइसप्रमाणे वाटायला सांगा.

अतिकोमल_ग

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांनी हात दिलात म्हणून इथवर आलो, नीट सांगतो काय झालं ते.

लायब्ररीचे आता तीन तुकडे केलेत. एका फाईलीत फक्त नावं आणि सेंट, दुसरीत चिन्हं, तिसरीत सरगम छापायची सोय. बंदिशीच्या फाईलीत नुसती नावं, तिथे कुठलाही आकडा नाही. जुन्यात मी घाईत काही बंदिशींतच थेट अपूर्णांक लिहून ठेवले होते, ते सगळे शोधून काढले, दोन रात्री गेल्या. रागाचे ठरलेले स्वर की सिग्नेचरमध्ये पहिल्याच ओळीला जाहीर होतात, त्यामुळे यमनमध्ये प्रत्येक गंधारावर बाण येत नाही, पान मोकळं दिसतं.

प्रत्येक फाईलीला व्हर्जनची ओळ दिली, लायब्ररीच्या फाईलींनाही. २.२४ ची झिप आणि जुनं २.१४.२ दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय. मग १४० च्या १४० जुन्यावर आणि नव्यावर चालवल्या, पानांची चित्रं काढून एकावर एक ठेवून बघितली. त्याहून जास्त उपयोग झाला तो मिडी तपासण्याचा. पान दिसायला बरोबर आणि स्वर भलताच, असं चार ठिकाणी निघालं. भैरवच्या एका बंदिशीत कोमल ध ला मी चुकून कोमल रे चा आकडा दिला होता, २०११ पासून तसाच होता, चिन्ह एकच असल्यामुळे कागदावर कधीच कळलं नसतं.

१३१ झाल्या. उरलेल्या नऊमध्ये मी तेव्हा हाताने एकेक वस्तू इकडेतिकडे सरकवली होती, त्या आता सगळ्या विस्कटून येतात. त्यांची ती सरकासरकी काढून टाकून पहिल्यापासून मांडणार आहे.

दोन रेघांचा ग. मिरजेच्या ताई, तुमच्या प्रतिसादानंतर मी वही परत उघडली. दरबारीत जिथे जिथे दोन रेघा आहेत तिथे आधीच्या मध्यमापासून गुरुजींनी पेन्सिलने एक पुसट वाकडी रेघ ओढलेली आहे. मी इतकी वर्षं ती मींडची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) कमान समजून साधी कमान छापत होतो. फोटो मोठा करून पाहिला तर ती लाट आहे, तीन झोके स्पष्ट दिसतात. आता म पासून लाट सुरू होते आणि ग॒॒ ला आकडा काढून टाकलाय, मिडीत तो आपला साधा कोमल ग वाजतो. तोडीच्या वहीत मात्र दोन रेघा आहेत पण लाट नाही, तिथे २९४ चा आकडा ठेवलाय.

त्या मुलीला काल पाच बंदिशी पाठवल्या. तिचा फोन आला, म्हणाली काका, हा बाण खाली आहे तिथे बोट किती मागे घेऊ. तिला म्हटलं तंबोरा लाव, सावकाश मागे घेत जा आणि कंप थांबेल तिथे थांब.

अक्षरजुळणी, एक राहिलंच. सरगमच्या ओळीत दोन रेघांचा ग छापताना काही फॉन्टमध्ये दोन्ही रेघा एकमेकींवर चढतात, एकच दिसते. मी सध्या नोटो सान्स देवनागरी वापरतोय. दोन अनुदात्त खालीवर नीट बसवणारा दुसरा एखादा फॉन्ट तुम्हाला माहीत आहे का?

अक्षरजुळणी

फॉन्टवर सोडूच नका. एकच अनुदात्त ठेवून दुसरी रेघ लिलीपॉन्डच्या मार्कअपमधून खाली ओढा, मग फॉन्ट कुठलाही असो. स्वराचं नाव फाईलीत ग॒॒ असंच राहू दे, फक्त छापणाऱ्या तिसऱ्या तुकड्यात बदल करा. उद्या संध्याकाळी करून इथेच टाकतो.